रीळ नंबर एकतीस

“नुसतं ठकूबाई सांगून चालायचं नाही. पूर्ण नाव पाहिजे. नवऱ्याचं, आडनाव, सगळं.”

“ते कशाला? तुझ्या जपान्याला माझी सोयरीक जुळवायचीय का?”

खाचराच्या बांधावर भाकरी खायला बसलेल्या बायका हसल्या. ठकूबाई मरळ साठीच्या पुढची, तोंडात तीन दात, आणि त्या तिन्ही दातांनी अख्ख्या पानखोल गावाला धाकात ठेवणारी. लावणी उरकत आली होती. मी गुडघ्यावर वही ठेवून चिखलात बसले होते आणि माझ्यामागे हायाशिदा-सान कॅमेरा मांडीवर घेऊन, काहीच न कळता, शांतपणे बसले होते.

“सिनेमाच्या शेवटी सगळ्यांची नावं येणार आहेत,” मी म्हणाले. “ज्याचं तोंड दिसलं त्याचं नाव. त्यांची तशी पद्धतच आहे.”

“तोंड दाखवू की. पन नवऱ्याचं नाव कसं घेऊ? चाळीस वरसात घेतलं न्हाई.”

“उखाण्यात घे.”

ठकूबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली, पदर सावरला, हायाशिदा-सानांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली,

“जपानचा बाबा, हातात त्याच्या डबा,
लिवून घे जपानीण, माझा नवरा धोंडिबा!”

मग कुणीच आवरेना. एकेकीनं नाव घेतलं. कुणी लाजून, कुणी ओरडून, कुणी शेजारणीच्या कानात सांगून तिच्याकडून वदवून घेतलं. मी वहीत लिहीत गेले. ठकूबाई धोंडिबा मरळ. अनसा सखाराम कडू. चंद्राबाई मारुती वाघ. हायाशिदा-सान हसत नव्हते, पण त्यांचे कान हसताना हलायचे, ते हलत होते.

गिरजा शेडगे थोडी पलीकडे बसली होती. तिशीही न गाठलेली, कपाळ मोकळं. तिच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. उखाण्याची फेरी फिरत तिच्यापाशी आली आणि तिला वळसा घालून पुढे गेली. कुणी ठरवलं नव्हतं. मीही तिच्याकडे पेन्सिल वळवली नाही.

हे सगळं १९७८ सालचं. मी शैला वर्तक, वय सव्वीस, पुण्यात जपानी शिकलेली आणि त्या जपानीचं करायचं काय हे न कळलेली. हायाशिदा-सान पन्नाशीचे; ‘सान’ म्हणजे त्यांच्याकडचं ‘राव’ किंवा ‘बाई’. त्यांच्या देशात सरकारनं शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, शेतकरी उठले, तर हा माणूस सहा वर्षं त्यांच्यात राहून ती लढाई चित्रित करत बसला. नंतर एका खेड्यात जाऊन स्वतःच भात लावायला लागला आणि तेही चित्रित केलं. आता त्यांना आपल्याकडचं भात पाहायचं होतं. मावळाच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत असलेलं पानखोल त्यांना आवडलं. पानखोलवर धरण येणार आहे, हे आम्हाला तिथं बिऱ्हाड मांडल्यावर कळलं. मला तेव्हा वाटलं की हा योगायोग. पुढं वाटायला लागलं की या माणसाला असल्या गावांचा वासच येत असावा.

आम्ही तिघं होतो. तिसरा ओनो, आवाज ध्वनिमुद्रित करणारा. माणसांच्या नोंदी ठेवायची खोड मला तेव्हाही होती. माझ्या हिशेबानं हायाशिदा-सान दिवसाला सरासरी नऊ वाक्यं बोलत. त्यातली पाच भाताबद्दल, तीन रिळांबद्दल आणि एक ओनोला, तंबाखू कमी कर म्हणून. त्याला दिलेलं उत्तर धरून ओनोची स्वतःची दिवसाला दोन.

दुभाषेपणाखेरीज माझं काम म्हणजे ती वही. चारशे फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपायचं. प्रत्येक रिळाचा नंबर, तारीख, जागा, कॅमेरा कुठून कुठे फिरला आणि त्यात डावीकडून उजवीकडे कोण कोण होतं, हे सगळं मी टिपायचे. तांत्रिक मजकूर जपानीत, नावं मराठीत. जपानी अक्षरांत ठकूबाईची ताक्कूबाई व्हायची, ते मला खपत नव्हतं. अक्षर माझं चांगलं होतं आणि ते मला माहीत होतं.

संध्याकाळी हायाशिदा-सान वही तपासायचे. त्या दिवशी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मराठी न वाचता येणाऱ्यालाही कळेल अशी मोकळी जागा त्या ओळीत पुढं सोडलेली होती.

“या कोण?”

“‘आणि एक बाई’ असं लिहिलंय. शेडगेंची सून. विधवा आहे, तेव्हा… उद्या विचारते.”

“नाव नसेल तर मी त्यांचं चित्र चोरल्यासारखं होतं, वर्तक-सान.”

“उद्या नक्की.”

त्यांचा आणखी एक नियम होता. रिळं आणि वही कधी एका ठिकाणी ठेवायची नाहीत, एका पिशवीतून न्यायची नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्रत्येक मोठ्या माणसाच्या दोनचार लहरी असतात. मी तो नियम त्यात जमा केला.

*

कार्तिकात मोजणीची माणसं आली. दोन दिवसांत त्यांनी नदीपासून देवळापर्यंत खुंट्या ठोकल्या. पाणी कुठवर चढणार त्याची ती रेघ. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पुरुषमंडळी मुद्दाम बाजाराला गेलेली असताना, बारा बायका निघाल्या आणि त्यांनी खुंट्या उपटल्या.

हायाशिदा-सान ते चित्रित करताना मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. एकच लांब फिरता शॉट. बांधावरच्या ठकूबाईपासून कॅमेरा सुरू झाला, हळूहळू उजवीकडे सरकत एकेकीपाशी थांबत गेला. कुणी दोन्ही हातांनी खुंटी हलवत होती, कुणी लाथ घालत होती, अनसा खुंटीशी भांडत होती, “नीघ की रांडे, नीघ!” शेवटी नदीच्या कडेला गिरजा. तिनं एकटीनं सगळ्यांत जास्त उपटल्या. त्या खुंट्यांवर गावात पुढं आठवडाभर चुली पेटल्या.

ते रीळ नंबर एकतीस. मी वहीत अकरा पूर्ण नावं लिहिली, त्याच क्रमानं. माझं ते ‘उद्या’ अजून उगवलं नव्हतं; बाराव्या जागी लिहिलं, ‘आणि एक बाई’.

पोलीस आले. गावातल्या सगळ्या बायकांना देवळापुढे उभं केलं. आम्ही लांबून पाहत होतो.

“नाव?” हवालदारानं ठकूबाईला विचारलं.

“जननी.” जननी म्हणजे गावची देवी.

“नवऱ्याचं नाव?”

“न्हाई घेत आम्ही.”

“तुझं गं?”

“जननी.”

“तुझं?”

“जननी.”

चौपन्न बायका, चौपन्न जणी जननी. हवालदाराला घाम फुटला. “नवऱ्याचं नाव तरी सांगा! उखाण्यात घ्या पाहिजे तर!”

“तुज्याम्होरं उखाणा घ्यायला तू काय माजा दीर लागतोस?” चंद्राबाई म्हणाली.

पुरुषांना विचारावं तर ते त्या दिवशी बाजारात. बघितलं कुणी नाही. खुंट्या वाऱ्यानं पडल्या असतील. पोलीस रिकाम्या हातानं गेले. त्या रात्री गाव हसत झोपलं.

“आपलं हत्यार पाहिलंस का?” ठकूबाई मला म्हणाली. “नाव न घेनं. सासूनं शिकवलं व्हतं. आज उपेगी पडलं.”

मीही हसले. तेव्हा माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. वही काखेत होती.

*

आठ दिवसांनी मी सकाळच्या एसटीनं निघाले. सात डबे मुंबईच्या लॅबकडे धाडायचे होते. तालुक्याला आमचा एक माणूस यायचा, तो पुढं घेऊन जायचा. डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायच्या राहिल्या होत्या. म्हटलं, गाडीत लिहू. म्हणून वही त्याच पिशवीत टाकली. नियम आठवला होता. आठवला नव्हता असं मी इतकी वर्षं लोकांना सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

घाटाच्या पायथ्याशी जीप आडवी उभी होती. फौजदार गाडीत चढले. तरुण होते, नाव रोडे, बोलणं मऊ.

“या डब्यांत काय आहे, बाई?”

“फिल्म. भातशेतीवरची.”

“उघडा.”

“उघडता येत नाही, साहेब. अजून धुतलेली नाही. उजेड लागला की सगळं जाईल. पाच महिन्यांचं काम आहे.”

“मग आत भातच आहे हे मला कसं कळणार?”

त्यांनी एक डबा हातात घेतला आणि झाकणाभोवतीच्या चिकटपट्टीचं टोक नखानं उचकटलं. कंडक्टर मागून म्हणाला, “सायेब, गाडी लेट व्हतीय.” पट्टी बोटभर सुटली.

“थांबा!” मी म्हणाले. “सगळं वहीत लिहिलेलं आहे. प्रत्येक रिळाची नोंद आहे. ही बघा.”

मी वही काढून उघडली ती भाताच्या पानावर. माझा अंदाज असा की माणूस एक पान बघतो, जपानी अक्षरं बघून कंटाळतो आणि परत देतो. रोडे कंटाळले नाहीत. त्यांनी पानं उलटली. एकेक, सावकाश. मला आठवतंय, मी घाबरले होते आणि त्याच वेळी ते माझं अक्षर बघतायत याचं मला बरंही वाटत होतं. दोन्हीचं प्रमाण किती होतं ते मला आजवर नीट मांडता आलेलं नाही.

“अक्षर छान आहे,” ते म्हणाले. मग त्यांचं बोट थांबलं. “जपानी काही आपल्याला येत नाही. पण तारीख आकड्यातच आहे की. या तारखेला पानखोलात या अकरा जणी काय करत होत्या, बाई?”



त्यांनी खिशातून कागद काढला आणि उभ्या उभ्या नावं उतरवून घेतली. नवऱ्यांसकट, आडनावांसकट. चार मिनिटं लागली असतील. मग वही मिटून माझ्या हातात दिली, डब्याची पट्टी अंगठ्यानं परत दाबून बसवली आणि शिपायाला म्हणाले, “डबे नीट ठेव रे. उजेड लागू देऊ नको.”

सातही रिळं उत्तम धुऊन निघाली. लॅबनं तसं मुद्दाम कळवलं होतं.

*

तिसऱ्या दिवशी व्हॅन आली. कापणी चालू होती. बायका विळे टाकून हसतच पुढे झाल्या, जननी म्हणायच्या तयारीनं. हवालदारानं काही विचारलं नाही. कागद काढून वाचायला लागला.

“ठकूबाई धोंडिबा मरळ.”

हसू तिथंच थांबलं.

“अनसा सखाराम कडू. चंद्राबाई मारुती वाघ…”

हायाशिदा-सान चित्रित करत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण माणसांची नावं त्यांना पाठ होती. पाचव्या नावाला त्यांनी कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला. बंद केला नाही, नुसता खाली घेतला. पुढची सहा नावं त्यांनी माझ्याकडे बघत ऐकली.

व्हॅन गेल्यावर ते म्हणाले, “हा माझा शॉट आहे. डावीकडून उजवीकडे. वही कुठं होती, वर्तक-सान?”

मी सांगितलं. त्यांना सगळं सांगितलं, इतकं कबूल करायला हवं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला पुढचं सोपं गेलं असतं. बांधावर बसले आणि म्हणाले, “गावाला सांगायला हवं.”

“बायका सुटून येऊ देत आधी,” मी म्हणाले. “आत्ता गाव भडकलेलं आहे.”

ते विचार करून हो म्हणाले. माझ्या शहाणपणावर त्यांचा तेव्हा विश्वास होता.

एकोणीस दिवसांनी अकरा जणी जामिनावर सुटल्या. तोपर्यंत निम्मं भात शेतातच झडलं होतं. आणि त्या एकोणीस दिवसांत गावानं आपला हिशेब केला. बारा गेल्या होत्या, अकरांना धरलं. बारावी गिरजा. गिरजाचा भाऊ धरणाच्या कचेरीत शिपाई. यापुढं कुणाला काही विचारायची गरज वाटली नाही.

*

देवळात दुपारी बैठक बसली. धोंडिबातात्या मरळ, म्हणजे ठकूबाईचा नवरा, मध्ये बसले. गिरजा खांबाला टेकून उभी होती. तिला बस कुणी म्हटलं नाही.

“तुजंच नाव तेवढं कसं सुटलं?” तात्यांनी विचारलं.

“मला काय म्हाईत?”

“भाऊ कचेरीत हाय तुजा.”

“हाय. तो चा देतो सायबांस्नी. नावं न्हाई देत.”

“मग आमच्या बायकांची नावं फौजदाराला काय जननीनं सांगितली?”

“म्या काय सांगू, तात्या? मलाबी न्हेलं असतं तर बरं झालं असतं,” गिरजा म्हणाली. “मी त्याच दिशी व्हॅनमागं पळाले व्हते. मीबी व्हते म्हणलं. हवालदार म्हणला, तुजं नाव न्हाई, घरी जा.”

“व्वा! नाटक बी केलंस!” अनसाचा नवरा ओरडला.

मग ठकूबाई पुढे सरकली. तुरुंगात ती खंगली होती. “चाळीस वरसात मला कुनी चारचौघांत नवऱ्याच्या नावानं हाक मारली नव्हती,” ती हळू म्हणाली. “त्या हवालदारानं मारली. माजं काय चुकलं, एवढंच सांग मला गिरजे. तुज्या धन्याच्या आजारपनात मीच शेन काढाय येत व्हते ना तुज्या गोठ्यात?”

गिरजानं तोंडाला पदर लावला. गावानं ती कबुली धरली.

तेव्हा हायाशिदा-सान उठले. कॅमेरा त्यांनी आणलाच नव्हता. ते मध्ये आले, कमरेत वाकले आणि बोलायला लागले. त्यांच्या नऊ वाक्यांच्या मानानं ते फार बोलले. म्हणाले, “माझ्या देशात माझ्या वहीवरून सात शेतकऱ्यांना ओळखून नेलं होतं. त्यातला एक पुन्हा माझ्याशी बोलला नाही. असं पुन्हा होऊ देणार नाही, असं मी ठरवलं होतं. इथं पुन्हा झालं. नावं आमच्या वहीतून गेली. या बाईंनी काही केलेलं नाही. यांचं नाव आमच्या वहीत लिहायचं राहिलं, म्हणून त्या सुटल्या. त्यांना काही बोलू नका. आम्हाला जी शिक्षा द्याल ती मी घेईन. आजच निघून जा म्हणालात तर आजच निघतो.”

आमच्या वहीतून, असं ते म्हणाले. माझं नाव नाही घेतलं.

मग ते थांबले. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. ठकूबाई बघत होती, गिरजा बघत होती. मीच सांगितल्याशिवाय तिथं कुणालाही काहीही कळणार नव्हतं. खाली ओनो बसला होता, तोही मराठी न कळणारा.

“ते म्हणतात,” मी म्हणाले, “या अकरा जणींच्या धीराला त्यांचा वाकून नमस्कार आहे. सिनेमा तयार झाला की सगळ्यांत आधी याच देवळात दाखवतील.”

गावानं टाळ्या वाजवल्या. ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं हात जोडले.

हायाशिदा-सान मान खाली घालून उभे होते, दगड झेलायला उभं राहतात तसे. टाळ्या ऐकून त्यांनी वर पाहिलं. आधी गावाकडे. मग माझ्याकडे.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “टाळ्या का वाजवल्या?”

“मोठ्या मनाची माणसं आहेत.”

“आणि गिरजा-सान?”

“मिटलं त्यांचं.”

मिटलं नव्हतं. तात्यांनी नंतर निकाल दिला होता : शेडग्यांच्या घरी सावड बंद. सावड म्हणजे आज गाव तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. भाताच्या गावात लावणी, कापणी, झोडणी, सगळं त्याच्यावरच चालतं. एकट्या बाईला सावड बंद म्हणजे पुढच्या वर्षी तिचं खाचर पडीक. वाळीत टाकलं असा शब्द कुणी वापरला नाही. तेवढं गाव सुधारलेलं होतं.

*

चौथ्या दिवशी सकाळी हायाशिदा-सान घरात नव्हते. कॅमेरा खुंटीला होता. मी शोधत निघाले तर ते आणि ओनो गिरजाच्या खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडत होते. गावातल्या इतर खळ्यांवर पंधरापंधरा माणसं होती, इथं गिरजा एकटी होती, आणि हे दोघे. हायाशिदा-सानांचा हात झोडणीला सरावलेला होता. ओनोचा नव्हता, त्याच्या पेंढीतलं भात चहूकडे उडत होतं.

मला पाहून हायाशिदा-सानांनी पेंढी खाली ठेवली. गिरजाकडे वळले. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी जेमतेम चाळीस मराठी शब्द गोळा केले होते, बहुतेक शेतीतले. त्यातले लागतील ते शोधत ते म्हणाले, “वही. माझी. माझी वही, पोलीस.” आणि छातीवर हात ठेवला. “चूक. माझी.”

गिरजानं घाम पुसला. “काय म्हंतोय गं तुजा जपानी? सकाळपासनं तीनदा म्हणला.”

हायाशिदा-सान माझ्याकडे वळले. नुसते थांबले.

“म्हणतात, वही त्यांची होती,” मी म्हणाले. “पोलिसांना नावं तिच्यातून मिळाली. चूक त्यांची आहे.”

पहिल्यांदाच मी शब्दाला शब्द लावला. इतकं काटेकोर भाषांतर मी त्यानंतरही क्वचितच केलं असेल.

गिरजा माझ्याकडे बघत राहिली. बाई हुशार होती. गावानं तिच्या हुशारीचा भलता अर्थ लावला होता इतकंच.

“वही तर तुज्या काखेत असायची.”

“हो.”

“देवळात त्यो एवढं लांबचं लांब बोलला. दोनदा गळा दाटला त्याचा. आन तू सांगितलंस ते एवढुसं. नमस्कार आन सिनेमा.” ती खाली बसली. “मला तवाच वाटलं, नमस्कार करताना मानसाचा गळा कशाला दाटंल? पन म्हणलं, शिकलेली बाई हाय, खोटं कशाला सांगंल? काय म्हणला व्हता त्यो?”

मी सांगितलं. सगळं. सात शेतकरी, वही, तिचं नाव लिहायचं राहिलं ते. एसटी आणि रोडे फौजदारही सांगितले, जे हायाशिदा-सान बोलले नव्हते.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा हातातली पेंढी मला मारेल. तिनं ती पेंढी उगाच दोनदा उलटसुलट करून पाहिली.

“गावाला सांगशील?”

“सांगते.”

“मी सांगून कोन ऐकनार? तू सांग. ठकूआत्याला आधी सांग. बाकीच्यांचं जाऊ दे, तिला सांग.”

“संध्याकाळी सांगते.”

“बरं,” ती म्हणाली आणि ढिगातली एक पेंढी काढून माझ्या हातात दिली. “मग लाग कामाला. उभी काय ऱ्हातेस?”

दिवस कलेपर्यंत आम्ही चौघांनी झोडलं. माझ्या तळहाताला फोड आले. मधे तिनं पाणी दिलं, ओनोच्या झोडण्याची नक्कल करून दाखवली, एकदा हसलीसुद्धा. संध्याकाळी मी ठकूबाईच्या दाराशी गेले. ती चुलीपुढे बसली होती. “ये गं जपानीण,” म्हणाली, “तुज्या सायबाला सांग, नमस्कार पोचला म्हनावं. तुरुंगातला सगळा शीण गेला बग.” तिनं मला चहा दिला. मी प्यायले. कप विसळून ठेवला. आणि निघाले.

सकाळच्या गाडीनं मी पुण्याला गेले. हायाशिदा-सानांना सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि पिशवी गाडीपर्यंत आणून दिली.

ते तिथंच राहिले. दुसरा दुभाषा मागवला नाही. दोन वर्षांनी ओनोचं पत्र आलं, नीटनेटकं, तारखांसकट, त्याला माझ्या नोंदीची सवय लागली होती. कळवलं होतं, हायाशिदा-सान आता मराठी बोलतात. गेल्या महिन्यात देवळात गाव जमलं होतं. तिथं उभं राहून त्यांनी वहीची हकिगत स्वतःच सांगितली. आमच्या वहीतून नावं गेली, गिरजाबाईंचा दोष नव्हता. गिरजा-सान तेव्हा गावात नव्हत्या. दोन लावण्या चुकल्यावर त्या खाचर सोडून भावाकडे गेल्या.

सगळं ऐकून झाल्यावर ठकूबाईंनी एकच विचारलं, असं ओनोनं लिहिलं होतं : हे तुम्ही त्याच दिवशी देवळात का नाही सांगितलंत?

हायाशिदा-सान म्हणाले, “तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं.”